वडासमोर बसावं की चित्रासमोर?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बँकेतली नोकरी सांभाळून तुम्ही घरी चित्रं काढता. फोनवरचा फोटो समोर ठेवून केलेलं चित्र छान उतरतं, घरचे आणि ऑफिसातले कौतुकही करतात. पण रविवारी सकाळी बडोद्याच्या कमाटी बागेत वडासमोर बसलात की कागदावर नुसता हिरवा गोळा उमटतो. एक जण सांगतो, कुणाचं बघून काढणं बंद करा, त्यानं हात बिघडतो, फक्त निसर्ग काढा. दुसरा सांगतो, आधी दोन वर्षं मोठ्या चित्रकारांच्या प्रती करा, मग बाहेर पडा. फाईन आर्ट्सला जाण्याचं वय आणि सवड आता नाही. मग यातलं कुणाचं ऐकावं?

दोघांचंही अर्धं ऐका. निसर्ग काढायचा आणि चित्रांवरूनही शिकायचं, पण क्रम सांभाळायचा. आधी झाडासमोर बसून अडायचं. नेमकं कुठे अडलं ते वहीत एका ओळीत लिहायचं. ती एकच अडचण घेऊन दुसऱ्या चित्रकाराकडे जायचं, त्यानं ती कशी सोडवली ते कागदावर उतरवून घ्यायचं, आणि परत त्याच झाडासमोर येऊन बसायचं. माझं म्हणणं एवढंच आहे. बाकी सगळं हे कसं करायचं याबद्दल.

प्रश्न मनात नसताना केलेल्या प्रतीनं हाताला वळण लागतं, ते वाईट नाही. पण तिथे चित्रकारानं घेतलेले सगळे निर्णय आपण तयारच उचलतो, आणि निर्णय घ्यायची वेळ आपल्यावर आली की हात थांबतो. तुमचं बागेत नेमकं तेच होतंय. फोटोचंही तसंच. कॅमेऱ्यानं चौकट ठरवलेली असते, एका डोळ्यानं पाहून खोली सपाट केलेली असते, आणि कडक उन्हात सावलीतला सगळा तपशील बहुतेक वेळा काळ्यात बुडवलेला असतो. वडाखालच्या सावलीत डोळ्यांना जांभळट, तपकिरी, हिरवट असे कितीतरी रंग दिसतात. फोटोत तिथे एक काळा डाग असतो आणि आपण तो डाग इमानेइतबारे उतरवतो.

बडोद्यात राहण्याचा तुम्हाला मोठा फायदा आहे, तो आधी सांगतो. सयाजीराव महाराजांनी 1879 मध्ये ही बाग उभी केली, 1894 मध्ये त्याच बागेत संग्रहालय झालं आणि त्याला जोडून असलेली चित्रशाळा 1921 पासून लोकांसाठी उघडी आहे. म्हणजे झाड आणि चित्र यांच्यात पायी पाच-सात मिनिटांचं अंतर आहे. सकाळी वडाखाली अडलात, तर त्याच दिवशी आत जाऊन उत्तर शोधता येतं. मी विद्यार्थ्यांना एका हातात झाडाचं रेखाटन घेऊनच संग्रहालयात पाठवतो. रिकाम्या हातानं गेलं की माणूस सगळी दालनं फिरून दमतो आणि काहीच न पाहता बाहेर येतो.

आता वडाकडे येऊ. गोळा उमटतो, कारण तुम्ही पानांपासून सुरुवात करता. पानं मोजता येत नाहीत म्हणून हात टिपके मारत सुटतो. त्याऐवजी पहिली दहा मिनिटं पान हा शब्दच डोक्यातून काढून टाका. डोळे किलकिले करा. तपशील विरघळतो आणि तीन आकार उरतात: उन्हातला वरचा पसारा, त्याच्या पोटातली सावली, आणि बुंधा-पारंब्यांचा खालचा भाग. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराच्या चौकटीत हे तीन आकार तीनच टोनमध्ये भरा: कागदाचा पांढरा, मधला करडा, गडद. 4बी पेन्सिल पुरते. असं चित्र एकाच झाडाचं तीन-चार ठिकाणांहून करा आणि मगच मोठ्या कागदाला हात लावा.

मापही याच वेळी घ्या. हात ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिल उभी धरून झाडाची उंची मोजा आणि तीच पेन्सिल आडवी करून रुंदी. पसरलेला जुना वड बहुतेकदा उंचीपेक्षा रुंद भरतो. तरी शिकणारे जवळजवळ सगळेच तो उंच काढतात, कारण झाड म्हणजे उभी गोष्ट असं मनात बसलेलं असतं, शिवाय कागदही उभा धरलेला असतो. पेन्सिल मनाचं ऐकत नाही, म्हणून ती वापरायची.

आणि आता पारंब्या. इथे जरा थांबतो, कारण वडाचं सगळं शिक्षण मला तरी पारंब्यांत सापडलं. हिवाळ्यात सकाळी नऊच्या सुमारास एखादी जमिनीपर्यंत आलेली पारंबी निवडा आणि वरून खाली नजर आणा. वरच्या भागात तिच्या मागे झाडाच्या पोटातला अंधार असतो, म्हणून तिथे ती उजळ दिसते. खाली तिच्या मागे उन्हातलं गवत येतं, आणि तीच पारंबी गडद दिसायला लागते. मधे कुठेतरी वीतभर असा तुकडा असतो की तिथे पारंबी आणि मागचा भाग यांचा टोन एकच होतो आणि कडाच नाहीशी होते. पारंबीचा स्वतःचा रंग वरपासून खालपर्यंत तोच आहे. बदलतं ते मागचं. नवशिका तिच्या दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या दोन रेषा ओढतो, म्हणून ती नळीसारखी दिसते आणि झाडापासून सुटी पडते. जिथे ती उजळ आहे तिथे तिला काढूच नका, मागचा अंधार भरा. जिथे गडद आहे तिथे तिलाच भरा. जिथे कडा हरवते तिथे हात उचला. एका पारंबीवर अख्खी सकाळ गेली तरी ती वाया गेली असं समजू नका.

समजा तुम्ही इथेच अडलात. वहीत लिहा: "कडा कुठे ठेवायची आणि कुठे सोडायची?" हा प्रश्न घेऊन चित्रशाळेतल्या युरोपीय तैलचित्रांपुढे उभ्या राहा. तिथे झाडच शोधलं पाहिजे असं नाही. एखादं व्यक्तिचित्र घ्या. चेहऱ्याची उजेडातली कड बहुतेक वेळा धारदार असते, सावलीतला खांदा मात्र पार्श्वभूमीत मिसळून गेलेला असतो. तळहाताएवढ्या कागदावर फक्त कडांचा नकाशा करा: स्पष्ट कडेला ठळक रेष, मऊ कडेला पुसट रेष, हरवलेल्या कडेला काहीच नाही. नाक-डोळे काढायचे नाहीत. अर्ध्या तासात होतं. मग बाहेर येऊन पारंबीकडे बघा. तुम्हाला तो न काढायचा तुकडा आपोआप दिसेल. आत पेन्सिलीनंच काम करा, शाई आणि रंग बाहेर ठेवा, आणि बसायच्या आधी काउंटरवर रीतसर विचारून घ्या.

पानांचा प्रश्न वेगळा आहे, त्याचं उत्तर मी मुघल लघुचित्रांत शोधायला सांगतो. तीही इथल्या संग्रहात आहेत. लघुचित्रातलं एखादं दाट झाड जवळून पाहा. आधी गडद हिरव्याचा सपाट थर आहे, त्यावर उजळ पानांचे झुबके मांडले आहेत, आणि कडेच्या पानांना जास्त उजेड दिला आहे. चित्रकारानं प्रत्येक पान काढल्यासारखं वाटतं, पण मोजून बघा, झुबका तोच असतो, थोडाथोडा फिरवून पुन्हा बसवलेला. म्हणजे आधी घेर, मग झुबका, शेवटी मोजकी पानं. हे तुम्ही अपारदर्शक रंगात जसंच्या तसं करून बघू शकता. पारदर्शक जलरंगात क्रम उलटा होतो, कारण तिथे उजळ भाग आधी राखावा लागतो. हा उलटा क्रम स्वतः बसवताना जे डोकं चालतं, तिथे खरं शिकणं होतं.

मोठा चित्रकार दुसऱ्याचं बघून काढत नाही, हा समज या लघुचित्रांच्या निमित्तानंच दूर करता येतो. सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रां यानं साधारण 1656 ते 1661 च्या दरम्यान मुघल लघुचित्रांवरून वीसहून अधिक रेखाटनं केली. तेव्हा तो पन्नाशीत होता, युरोपात त्याचं नाव झालेलं होतं. त्यानं त्या चित्रांचे झगझगीत रंग घेतलेच नाहीत. तपकिरी शाईत माणसांची बसण्या-उभं राहण्याची ढब, अंगरखे, पगड्या टिपल्या आणि आपल्या सवयीनं थोडी सावलीही घातली. काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे तो ठरवून बसला होता, हे प्रत्येक रेखाटनात दिसतं. तुम्ही प्रत करताना नजर अशीच असू द्या.

आपल्या शहराशी जोडलेलं दुसरं उदाहरण शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांचं. गायकवाड घराण्याचं स्मारक असलेल्या इथल्या कीर्ती मंदिरातल्या भिंती त्यांनी 1939 ते 1946 या काळात, टप्प्याटप्प्यानं येऊन रंगवल्या: गंगावतरण, मीराबाईचं चरित्र, रवींद्रनाथांच्या 'नटीर पूजा' नाटकातले प्रसंग आणि महाभारतातलं युद्ध. पाहायला मिळतील तेव्हा नक्की पाहा आणि एकाच गोष्टीकडे बघा, रेषेकडे. ती कुठे जाड होते, कुठे बारीक होते, वळणावर वेग कसा बदलतो. आता या रेषेमागचं काम ध्यानात घ्या. तरुणपणी, 1909-10 च्या सुमारास, ते इंग्लिश चित्रकार लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर अजिंठ्यात भित्तिचित्रांच्या प्रती करायला गेले होते. 1921 मध्ये असितकुमार हालदार आणि सुरेंद्रनाथ कर यांच्या सोबतीनं मध्य प्रदेशातल्या बाघच्या गुंफांत तेच काम केलं. आणि आयुष्यभर, जिथे जातील तिथे, साध्या पोस्टकार्डांवर बकरी, झाड, चालणारी बाई, मासळी असं समोर दिसेल ते टिपत राहिले. अजिंठ्याच्या भिंती आणि खिशातलं पोस्टकार्ड, दोन्ही एकाच माणसाचं शिक्षण. यातलं एक वगळलं असतं तर कीर्ती मंदिरातली रेषा तशी आली नसती, असं माझं ठाम मत आहे.

पोस्टकार्डाची सवय तुम्ही उद्यापासून लावू शकता. बँकेत जाण्याआधी बसथांब्यावर, मांडवीत भाजी घेताना, स्टेशनवर कुणाची वाट बघताना. सुरसागर तळ्याच्या काठावर संध्याकाळी बसणारी माणसं बरीच वेळ हलत नाहीत, सुरुवातीला ती बरी. हलत्या माणसाचा आधी पाठीचा कणा आणि दोन्ही पायांवरचा भार एवढंच टिपायचं. चेहरा नंतर, नाही जमला तरी चालेल.

रविवर्म्यांबद्दल मुद्दाम सांगतो, कारण मराठी घरांत त्यांच्या छापील चित्रांवरून शिकायची जुनी पद्धत आहे. सयाजीरावांनी त्यांच्याकडून नव्या राजवाड्यासाठी पौराणिक प्रसंगांची 14 चित्रं करून घेतली होती, आणि राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंह संग्रहालयात त्यांची मूळ चित्रं बघता येतात. छापील चित्र बघितलेलं असलं तरी मूळ चित्र पाहाच. छपाईत रंग सपाट होतात, मूळात रंगाच्या थराची जाडी दिसते. बहुतेक जण त्यांचा चेहरा उतरवायला जातात आणि गोडव्यात अडकतात. तुम्ही पदराचा वीतभर तुकडा घ्या. उजेड एकाच बाजूनं येतोय ना, घडीच्या माथ्यावर रंग किती उजळ, उतारावर किती, खोबणीत किती, आणि खोबणीतही शेजारच्या घडीचा परावर्तित उजेड कसा आहे, एवढंच बघा. आणि घरी गेल्यावर आपलीच सुती ओढणी खुर्चीवर टाकून, खिडकीच्या एका बाजूच्या उजेडात, तोच अभ्यास करा. ओढणीशिवाय पदराची प्रत अपुरी आहे. खुद्द रविवर्मा तैलरंग शिकले ते मोठ्या अंशी पाहून. त्रावणकोर दरबारी आलेले चित्रकार थिओडोर जेन्सन यांचं काम चालू असताना ते बघत असत आणि मग स्वतः करून बघत.

तांबेकर वाडाही जाता जाता पाहून घ्या. एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत, आणि गर्दी कशी मांडायची, मागची माणसं पुढच्यांच्या आड कशी ठेवायची हे तिथे चांगलं कळतं. शिवाय आपल्या मराठी माणसांच्या पगड्या-लुगडी त्या काळच्या चित्रकारानं कशी पाहिली, तेही.

आता हिरवा रंग, कारण तुमच्या गोळ्याचं दुसरं कारण तो आहे. ट्यूबमधला तयार हिरवा, सॅप ग्रीन किंवा व्हिरिडियन, थेट कागदावर जातोय, असं तुम्ही पाठवलेल्या चित्रावरून दिसतं. वडाचं पान जाड आणि चकचकीत. त्यावरून आकाश परावर्तित होतं, म्हणून वरच्या पानांवर निळसर करडी चमक येते. पिंपळाचं पान पातळ, त्यातून ऊन आरपार येतं, म्हणून सूर्याच्या समोरून बघितलं तर ते पिवळं जळतं. दोन्ही झाडं हिरवीच, पण उजेडाचा मार्ग वेगळा, म्हणून रंगही वेगळा. एका संध्याकाळी घरी बसून तक्ता करा: तीन निळे, तीन पिवळे, एकमेकांत मिसळून नऊ हिरवे. अल्ट्रामरीन, प्रशियन आणि सेरुलियन. लेमन यलो, गँबोज आणि यलो ऑकर. प्रत्येक हिरव्याच्या खाली त्यातच थोडा बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, घालून दुसरी पट्टी ओढा. बागेतले खरे हिरवे बहुतेक या दुसऱ्या पट्ट्यांत सापडतील. तक्ता पॅलेटच्या झाकणाला चिकटवून बागेत न्या. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, हे लक्षात ठेवून ओला असताना थोडा गडदच ठेवा.

हवामानाचंही ऐकावं लागतं. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ब्रश पॅलेटवरून परत येईपर्यंत वॉशची, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाच्या थराची, कड वाळलेली असते. त्या दिवसांत सकाळी लवकर पेन्सिल किंवा कोळशाचं काम करा, रंग घरी. हिवाळ्यात सकाळचा उजेड सुंदर असतो पण सरकतो; तासा-दीड तासानं सावल्या इतक्या बदलतात की चित्र तिथेच थांबवावं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत बसावं. सुरुवातीलाच सावल्यांच्या कडा पेन्सिलीनं आखून ठेवल्या तर मागाहून गोंधळ होत नाही. लांब अभ्यासाला मला पावसाळ्यातला ढगाळ दिवस सर्वांत आवडतो. उजेड तासन्‌तास एकसारखा राहतो आणि धुतलेल्या पानांचे रंग खोल दिसतात. कागद वाळत नाही ही तक्रार राहते, पण 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कागद असेल तर लोंबकळत नाही.

साहित्यावर फार पैसे घालू नका. कार्ट्रिज कागदाची वही, 2बी आणि 4बी, कोळसा, तक्त्यातल्या रंगांच्या सात ट्यूबा, 12 नंबरचा एक गोल ब्रश. मात्र जाड पुठ्ठ्यात 6 बाय 8 सेंटिमीटरची खिडकी कापून ती नेहमी जवळ ठेवा. डोळ्यासमोर धरून मागे-पुढे केली की चौकट तुम्ही ठरवता. फोटोत जे काम कॅमेरा करत होता, ते आता तुमच्या हातात येतं.

"दुसऱ्यांचं बघून माझी शैली मरेल का," असंही तुम्ही शेवटी विचारलंय. एकाच चित्रकाराला धरून बसलात तर धोका आहे. वेगवेगळ्या प्रश्नांसाठी वेगवेगळ्या चित्रकारांकडे गेलात तर नाही. चित्रकार ना. श्री. बेंद्रे यांचं उदाहरण घ्या. जन्म 1910 चा, इंदूरचा. तिथे देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली तयार झाले, उघड्यावरच्या निसर्गचित्रांत हात पक्का केला, पुढे शांतिनिकेतनात राहून आले, युरोपातली आधुनिक चित्रं अभ्यासली आणि 1950 पासून 1966 पर्यंत इथे फाईन आर्ट्सला शिकवलं. त्यांच्या चित्रांत क्यूबिझम, म्हणजे वस्तू भौमितिक आकारांत मोडून मांडण्याची पद्धत, येऊन गेला, ठिपक्यांची पद्धत आली, पण रंगाची जाण सगळीकडे त्यांचीच राहिली. तुम्ही बागेत परत परत कशापाशी थांबता ते वर्षभरानं वह्या चाळल्यावर कळेल. कुणी सावलीपाशी थांबतं, कुणी माणसांच्या पाठींपाशी. शैली तिथून उगवते, तिची काळजी आत्ता करू नका.

बागेत लोक मागे येऊन उभे राहतात म्हणून अवघडल्यासारखं होतं, असं तुम्ही लिहिलंय. भिंतीला किंवा बुंध्याला पाठ लावून बसा. मुलं आली तर एखाद्याला पुठ्ठ्याची खिडकी बघायला द्या, ती त्यात रमतात. "हे काय काढताय?" असं कुणी विचारलं तर हात न थांबवता सांगा, पारंबी.

प्रतींबद्दल एक शिस्त पाळा. मूळ चित्राच्या मापाची प्रत करू नका. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आजही प्रत करणाऱ्याला मूळ मापाची परवानगी मिळत नाही. समोर आपली सही करू नका. मागे लिहा: मूळ चित्र कुणाचं, कुठे पाहिलं, तारीख, आणि कुठला प्रश्न घेऊन गेले होते. कुणाला दाखवताना किंवा फोनवर टाकताना मूळ चित्रकाराचं नाव सांगा, आणि चित्रकार हयात असेल तर आधी विचारा. विकायला तर ठेवूच नका. वहीत डाव्या पानावर प्रत आणि उजव्या पानावर त्यानंतर केलेलं झाड, असं लावत जा. पाच-सहा जोड्या झाल्या की वही घेऊन या, आपण बसून बघू.